चकत्या शून्यावर

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावच्या विद्यापीठात शैलजाबाईंनी सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकांची प्रयोगशाळा सांभाळली. एवढ्या वर्षांत त्यांनी दोन नियम सोडले तर बाकी कशाचा फारसा आग्रह धरला नाही. पहिला नियम, काम संपलं की यंत्राच्या सगळ्या चकत्या शून्यावर आणून ठेवायच्या आणि मगच दिवा बंद करायचा. दुसरा नियम, दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही. हा दुसरा त्यांनी ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवला होता, आणि तो मोडणाऱ्या पोरांना असं काही फैलावर घेतलं होतं की त्यातले दोघे आता स्वतः प्रोफेसर झाले तरी फोनवर बाईंचा आवाज ऐकला की उभे राहतात, असं गुरुनाथराव सांगायचे. गुरुनाथराव म्हणजे बाईंचे यजमान. जन्मभर पूल बांधले, आता निवृत्त, आणि बायकोबद्दल बोलताना जरा तिखटमीठ लावणारे.

तर अशा या बाईंनी दोन हजार सातच्या खंडेनवमीला पहिला नियम पाळायच्या नादात दुसरा मोडला, आणि शेजारचा मर्ल हॉफमन घरदार विकून गाव सोडायला निघाला.

मर्ल म्हणजे नुसता शेजारी नव्हे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे जोडपं या गल्लीत राहायला आलं, तेव्हा पहिल्याच हिमवर्षावात गुरुनाथराव हातात झाडू घेऊन बर्फाकडे बघत उभे राहिले होते. हा उंच, लालबुंद माणूस फावडं घेऊन आला, दार ते रस्ता वाट मोकळी करून दिली आणि जाताना तेच फावडं यांच्या दाराशी ठेवून गेला. तेव्हापासूनचा घरोबा. त्याची बायको डॉरिस शैलजाबाईंकडून पुरणपोळी शिकली होती आणि तिच्यावर मेपलचा पाक ओतून खायची. ती जाऊन चार वर्षं झाली. मागे राहिला मर्ल, त्याचं घर, आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा पहिला सोमवार. त्या दिवशी हरणांची शिकार सुरू व्हायची. मर्ल तीन जुन्या मित्रांबरोबर डोंगरातल्या खोपटात जायचा आणि विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेला, ठरलेल्या ओंडक्यावर बसायचा. वर्षाचे बाकीचे दिवस त्या सोमवारच्या आशेवर काढायचा, असं म्हटलं तरी चालेल.

त्या ऑक्टोबरात मर्लचा खुबा बदलायचं ऑपरेशन ठरलं. पुढचे पाच आठवडे तो मुलीकडे पिट्सबर्गला राहणार होता. घर रिकामं, म्हणून रायफल त्याने गुरुनाथरावांकडे ठेवायला दिली. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा दांडा, काढून वेगळ्या डब्यात, गोळ्या त्याच्याच घरी कुलपात, आणि रायफल यांच्या तळघरातल्या कपाटात.

आणि आठवड्याभरात आली खंडेनवमी.

शैलजाबाईंचे वडील साताऱ्याला पोलिसात होते. खंडेनवमीला ठाण्यात बंदुका ओळीने मांडायच्या, झेंडूच्या माळा, अंगारा, पेढे. फ्रॉक घातलेली शैलजा वडिलांचं बोट धरून ते बघायला जायची. अमेरिकेत आल्यावर त्यांनी पूजा सोडली नाही, पण पाटावर मांडायचं काय, तर विळी, पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर आणि गुरुनाथरावांची मोजपट्टी. इतकी वर्षं त्या मोजपट्टीला शस्त्र मानून हळदकुंकू वाहत आलेल्या बाईच्या घरात आता खरी रायफल होती.

"अगं, दुसऱ्याची वस्तू आहे," गुरुनाथराव म्हणाले.

"पूजाच करतेय, विकत नाहीये. आणा वर."

आणली. बोल्ट नव्हता, गोळी नव्हती, तरी गुरुनाथरावांनी तिचं तोंड भिंतीकडे करूनच पाटावर ठेवली. शैलजाबाईंनी ती कोरड्या फडक्याने पुसली. वर बसवलेला स्कोप, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, त्यांच्या ओळखीतलाच निघाला. पुढे भिंग, मागे भिंग, मध्ये नळी. भिंगं त्यांनी खास कागदाने पुसली. नळीवर दोन छोटी टोपणं होती, एक वर आणि एक उजव्या बाजूला. टोपणांच्या आट्यांत धूळ. ती काढायची म्हणून टोपणं फिरवून उघडली, तर खाली चकत्या! भोवती आकडे, बारीक बाण, आणि मध्ये नाणं बसेल अशी खाच. एक चकती दहाबाराच्या आसपास, दुसरी पाचसहाच्या. कुणीतरी काम संपवून चकत्या तशाच टाकून गेलं होतं.

शैलजाबाईंच्या हातांनी डोक्याला काही विचारलंच नाही. विड्यावर ठेवलेली पावली त्यांनी उचलली. आईने लग्नात ओटीत घातलेली, चार आण्यांची. ती खाचेत चपखल बसली. टिक टिक टिक, एक चकती शून्यावर. टिक टिक, दुसरीही. टोपणं घट्ट लावली, लाकडी दस्त्याला कुंकवाचं बोट लावलं, कुंडीतल्या झेंडूची माळ घातली आणि मनोभावे हात जोडले.

नोव्हेंबरच्या मध्यावर मर्ल काठी टेकत परत आला. शिकारीला दहा दिवस उरले होते. गाडी चालवायची अजून परवानगी नव्हती, म्हणून रविवारी सकाळी गुरुनाथरावांनी त्याला गावाबाहेरच्या सरकारी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नेम तपासायला नेलं. शैलजाबाई बरोबर गेल्या, कारण तिपाईवरच्या दुर्बिणीतून शंभर यार्डांवरच्या कागदातली भोकं टिपायला तिघांत त्यांच्याइतके पक्के डोळे कुणाचे नव्हते.

दस्त्यावरचा लाल ठिपका मर्लला दिसला. "हे काय?"

"आशीर्वाद," शैलजाबाई म्हणाल्या. मर्लने मान डोलावली आणि ठिपक्याला धक्का न लावता गाल टेकवला.

तो सिमेंटच्या टेबलाशी बसला, वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली आणि पहिली गोळी झाडली.

"काळ्यात आहे?"

"नाही."

दुसरी. "आता?"

"नाही, मर्ल. खाली आहे. उजवीकडे."

पाचही गोळ्या झाल्या. काळ्या वर्तुळात एकही नाही. मर्लने बोल्ट मागे ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. शंभर यार्ड चालत जाऊन कागद बघायचं त्याच्या खुब्यात बळ नव्हतं, आणि खरं तर मनातही नव्हतं.

"स्कोप बिघडला असेल," गुरुनाथराव म्हणाले.

"स्कोप नाही, गुरु. हा मी एकोणनव्वद साली बसवलाय. याच टेबलाशी. डॉरिस तिथे, शैलजा बसलीय तिथे बसून सांगत होती. वर घे, डावीकडे घे, बस, आता हात लावू नको. तेव्हापासून मी टोपणं उघडलेली नाहीत." तो हसला, पण ते हसणं बघवेना. "स्कोप जागेवर आहे. मीच हललोय."

शैलजाबाईंचा डोळा दुर्बिणीलाच होता. तो त्यांनी तिथून काढलाच नाही, कारण काढला असता तर मर्लकडे बघावं लागलं असतं. "टोपणांच्या खाली काय असतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता.

"नेम बसवायच्या चकत्या."

बाईंना विड्यावरची ती पावली आठवली. त्याच क्षणी बोलून टाकायला हवं होतं. पण सव्वीस वर्षं जगाला "हात लावू नका" म्हणून दटावलेल्या बाईला "मीच हात लावला" हे तीन शब्द काही केल्या तोंडाबाहेर काढता येईनात. त्या चालत गेल्या, कागद काढला, गुंडाळून पिशवीत घातला आणि परत आल्या. परतीच्या वाटेवर मर्ल म्हणाला, "मुलगी किती दिवस पिट्सबर्गला ये म्हणतेय. जातो आता. रायफल पुतण्याला देतो, शनिवारी येईल न्यायला. घर सोमवारी बाजारात."

घरी आल्यावर शैलजाबाईंनी जेवणाचं ताट पुढे घेतलं आणि तसंच ठेवलं.

"काय गं, बरं नाही का?"

त्यांनी सांगितलं. सगळं, पावलीसकट. आधी गुरुनाथरावांचे खांदे हलायला लागले, आणि मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "शून्यावर! अगं, लॅबमधली पोरं हे ऐकतील तर पेढे वाटतील!"

"हसू नका हो. त्याला वाटतंय तो म्हातारा झाला. घर विकतोय."

तेव्हा गुरुनाथराव थांबले. "मग मी केलं म्हणून सांगतो. मला काय, मी रोजच काहीतरी बिघडवतो."

"तुम्हाला पावलीसुद्धा सापडली नसती. तो विश्वास नाही ठेवणार."

रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी फिलाडेल्फियाला फोन लावला, आपल्या मुलीला. अनया ऑफिसला निघाली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "Aai, just tell him. He's Merle." एवढं बोलून ती लिफ्टमध्ये शिरली आणि फोन कट झाला.

सांगणं सोपं होतं काय? सोमवार गेला, मंगळवार गेला. सांगायचं वाक्य त्यांनी कणीक मळताना जुळवलं, कपडे वाळवताना मोडलं. बुधवारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, की मर्लच्या गॅरेजमध्ये पुठ्ठ्याचे खोके रचलेत आणि डॉरिसच्या केकच्या भांड्यांवर तो वर्तमानपत्र गुंडाळतोय. मग मात्र बाईंनी तळून झालेल्या पुऱ्या तशाच ताटलीत घेतल्या, गुंडाळलेला कागद काखेत मारला आणि चपलांवरच बर्फातून निघाल्या.

"मर्ल, बस. मला काहीतरी दाखवायचंय."

त्यांनी रेंजवरचा कागद टेबलावर पसरला. काळं वर्तुळ मध्ये, त्यात एकही भोक नाही. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र पाच भोकं. शैलजाबाईंनी ताटलीतली एक पुरी उचलली आणि त्यांच्यावर ठेवली. पाचही भोकं तिच्याखाली झाकली गेली.

मर्लने आधी पुरीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हात हलत असता तर भोकं कागदभर पसरली असती," बाई म्हणाल्या. आता त्या प्रयोगशाळेतल्या बाई झाल्या होत्या, त्यामुळे आवाज थरथरत नव्हता. "एकाच जागी पडलीत. तुझा हात आहे तसा आहे. तुझे डोळे आहेत तसे आहेत. चुकीची जागा दाखवली स्कोपने. आणि स्कोप..." इथे आवाज थरथरला. "स्कोप मी हलवला. पूजेच्या दिवशी. टोपणं उघडून दोन्ही चकत्या शून्यावर आणल्या."

 मर्लने पुरी उचलून खाली पाहिलं. पुन्हा ठेवली. पुन्हा उचलली.

"शून्यावर का?"

"कारण त्या शून्यावर नव्हत्या."

मर्लच्या तोंडून आधी नुसता घरघराट निघाला. मग तो खदखदून हसला, नव्या खुब्यावर हात दाबून, "आई गं" आणि "ओ लॉर्ड" यांच्या मधलं काहीतरी म्हणत. 'आई गं' तो गुरुनाथरावांकडून शिकला होता. हसणं ओसरल्यावर त्याने डोळे पुसले, आणि ते पुसणं जरा जास्तच लांबलं.

"डॉरिसने लावलेलं होतं," शैलजाबाई म्हणाल्या. "ते मी पुसून टाकलं. आधीचे आकडे टिपूनसुद्धा ठेवले नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला हाकलला असता."

"मग तुला हाकलू?"

"हाकल."

"शनिवारी," मर्ल म्हणाला आणि तेलकट झालेल्या कागदावरची ती पुरी खाऊन टाकली. "आधी रेंजवर चल. बिघडवलंस तू, नीटही तूच करायचं."

शनिवारी तिघं पुन्हा त्या टेबलाशी. पुतण्याला फोन करून थांबायला सांगितलं होतं. मर्लने टोपणं उघडली आणि खिशातून डाइमचं छोटं नाणं काढलं. शैलजाबाईंनी ते बाजूला सारून पावली पुढे केली.

"ऐक," मर्ल म्हणाला. "एक टिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. आणि मला गोळी मध्यावर नको. मध्याच्या दोन इंच वर हवी."

"वर? का?"

"माझ्या ओंडक्यावरून हरणं दिसतात दीडशे-दोनशे यार्डांवर. गोळी जाता जाता खाली येते. इथे दोन इंच वर ठेवली की दोनशेवर बरोब्बर मध्यात बसते. मधल्या अंतरात कुठेही हरीण आलं तरी फार विचार करावा लागत नाही."

गुरुनाथरावांनी लगेच वाकड्या रेषेचं गणित समजावायला सुरुवात केली. कागदाच्या मागच्या बाजूला आकृतीही काढली. कुणी ऐकत नव्हतं, पण थांबवलंही नाही.

शैलजाबाईंनी मोजपट्टी काढली, तीच, दरवर्षी पूजेला बसणारी. बुधवारचा तेलकट कागद पसरून पाच भोकांचा मध्य धरला. काळ्या वर्तुळाच्या मध्यापासून तो नऊ इंच खाली, सहा इंच उजवीकडे. दोन इंच वर हवी, म्हणजे एकूण अकरा इंच वर. अकरा चोक चव्वेचाळीस टिक वर. सहा चोक चोवीस टिक डावीकडे. मोठ्याने मोजत त्यांनी पावली फिरवली. मर्ल नुसता बघत होता.

पहिली गोळी. "काळ्यात!" बाई ओरडल्या. "पण जरा उजवीकडे."

मर्लचा हात चकतीकडे गेला. बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. "एका गोळीवर चकती फिरवायची नाही. तीन झाड. मग तिन्हींचा मध्य बघू."

"डॉरिस असंच करायची," मर्ल म्हणाला.

"शहाणी होती."

तीन झाल्या. मध्यापासून दीड इंच वर, अर्धा इंच उजवीकडे. दोन टिक वर, दोन टिक डावीकडे. पुन्हा तीन. शैलजाबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, डोळा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मध्याच्या बरोब्बर दोन इंच वर तीन भोकं, एकमेकांना चिकटून. छोटी पुरीसुद्धा जास्त झाली असती.

आता दोनशे यार्ड. गुरुनाथराव दिवाळीच्या फराळातली उरलेली एक कागदी थाळी घेऊन तुरुतुरु चालत गेले आणि ती लावून आले. मर्लने गाल कुंकवाशी टेकवला, श्वास सोडला. आवाज झाला, आणि बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला.

"बोल ना!" मर्ल म्हणाला.

"थाळीच्या मध्यात," शैलजाबाई म्हणाल्या. "चिवडा वाढतो तिथे."

मर्लने दोन्ही मुठी टेबलावर आपटल्या. गुरुनाथरावांनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी शिकाऱ्याला मिठी मारली. या गोंधळात शैलजाबाई टोपणं लावायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. बाण एका चकतीवर अकराच्या पुढे होता, दुसरीवर सहाच्या. दहाबाराच्या आसपास, पाचसहाच्या आसपास. पूजेच्या सकाळी टोपणं उघडल्यावर दिसलं होतं, तसंच.

"मर्ल, इकडे बघ," त्या म्हणाल्या. "डॉरिसने जिथे ठेवल्या होत्या ना, तिथेच आल्या परत."

मर्लने पाहिलं. मग रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं आणि म्हणाला, "बस. आता हात लावू नको."

त्या संध्याकाळी त्याने घर विकून देणाऱ्या दलालबाईला फोन करून सोमवारी लागणारी विक्रीची पाटी रद्द केली. खोक्यांतली भांडी परत कपाटात लावायला शैलजाबाई गेल्या होत्या. शिकार सुरू व्हायच्या सोमवारी त्याने एकच गोळी झाडली, एकशे ऐंशी यार्डांवर. मांसाचा वाटा घेऊन आला, तेव्हा बाईंनी साताऱ्याच्या पद्धतीने झणझणीत रस्सा केला. मर्लने तीन वाट्या खाल्ल्या, घामाघूम झाला आणि खुबा विसरून नळाकडे धावला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी शैलजाबाई पाट मांडत होत्या. विळी, पक्कड, मोजपट्टी. दार वाजलं. बाहेर मर्ल, काठीशिवाय, इस्त्रीचा शर्ट घालून, हातांवर रायफल आडवी धरून. बोल्ट काढलेला, आणि दस्त्यावर गेल्या वर्षीच्या कुंकवाचा ठिपका, फिकट झालेला पण न पुसलेला.

"उशीर नाही ना झाला?" तो म्हणाला.

बाईंनी रायफल पाटावर ठेवली आणि फडकं उचललं. मग त्यांचं लक्ष स्कोपकडे गेलं. दोन्ही टोपणांवर पांढरी चिकटपट्टी होती, आणि पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, DO NOT TOUCH. शैलजाबाईंनी चष्मा वर केला आणि पुन्हा वाचलं. अक्षर त्यांचंच होतं. त्यांच्या भिंतीवरच्या नियमाचा फोटो गुरुनाथरावांनी वर्षभर जपून ठेवला होता, आणि छापून मर्लला दिला होता.

स्वयंपाकघरात गुरुनाथराव पाठमोरे उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

बाईंनी फडकं खाली ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं आणि जुन्या ठिपक्यावर नवा ठिपका लावला. पावली विड्यावरच राहू दिली.